बराकीतले विद्यापीठ

लहानपणी मला कुणी विचारले असते, की जगातली सर्वांत लांब वस्तू कोणती, तर मी बेधडक सांगितले असते, 'खडकीच्या दारूगोळा कारखान्याची भिंत.' वडील त्या कारखान्यात कारकून होते. सकाळी भोंगा झाला की ते सायकलवर टांग टाकीत आणि त्या भिंतीतल्या एका दरवाजातून आत नाहीसे होत. संध्याकाळी पुन्हा भोंगा झाला की तोच दरवाजा त्यांना आम्हाला परत देई. मधल्या आठ तासांत ते काय करीत, हे आम्हा भावंडांना कधीच कळले नाही. 'बाबा, आत काय असतं?' असे विचारले की ते म्हणत, 'कागद.' दारूगोळ्याच्या कारखान्यात नुसते कागद असतात यावर माझा अर्थातच विश्वास बसत नसे. भिंतीवर मनाईची पाटी होती आणि दरवाजावर बंदूकवाला संत्री. क्रिकेट खेळताना चेंडू पलीकडे गेला, की तो देशाच्या संरक्षणासाठी गेला असे समजून आम्ही घरी जात असू.

याचा परिणाम असा झाला, की लष्कराची भिंत दिसली की माझे पाय आजही आपोआप रस्त्याच्या दुसऱ्या कडेला वळतात. आता वयाने पंचेचाळिशी गाठली, कॉलेजात मराठी शिकवता शिकवता केस पांढरे झाले. पण पायांना ते कुणी सांगितलेले नाही. गेल्या मे महिन्यात बार्सिलोना शहरात एका बराकीच्या दारासमोर ते असेच थबकले, तेव्हा शेजारी उभा असलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, चला ना आत. हेच माझं विद्यापीठ."

एवढ्या लांब मी गेलो कसा, हे आधी सांगितले पाहिजे. मराठीचा प्राध्यापक स्पेनला जातो म्हटल्यावर कुणाच्याही भुवया उंचावतील. आमच्या स्टाफरूममध्ये त्या उंचावल्याच. ताईचा मुलगा अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी बार्सिलोनाला गेला, त्याला दोन वर्षे होत आली होती. त्याचे फोन येत, पण ते हळूहळू आखूड होत चालले होते. 'पुढे काय?' या प्रश्नाला तो 'बघू' म्हणे. आईच्या कानाला 'बघू' या शब्दात जे ऐकू येते ते अर्थशास्त्रज्ञांना कधीच ऐकू येणार नाही. शेवटी ताई मला म्हणाली, "तू जा. तुझ्याशी तो बोलेल. परत येणार की नाही, एवढं एक विचारून ये." सुट्टी होतीच. भविष्यनिर्वाह निधीला थोडा हात लावला, सौभाग्यवतीने 'एकटेच जाणार वाटतं?' एवढ्या एका वाक्यात आपले मत नोंदवले, आणि दोन किलो चिवडा, बेसनाचे लाडू व हा एक प्रश्न एवढे सामान घेऊन मी विमानात बसलो.

तर ती बराक. बार्सिलोनाच्या जुन्या गावाला लागून सिउताडेल्या नावाची मोठी थोरली बाग आहे. बागेच्या समुद्राकडच्या अंगाला, प्राणिसंग्रहालयाच्या पलीकडे, दोन भक्कम चौकोनी इमारती उभ्या आहेत. जाड भिंती, एका ओळीत उभ्या केलेल्या शिपायांसारख्या खिडक्या आणि मध्ये कवायतीचा चौक. इमारत कशासाठी बांधली आहे हे सांगायला पाटीची गरज नाही. एकीचे नाव जाउमे पहिला, दुसरीचे रॉजर द ल्युरिया. एक तेराव्या शतकातला राजा, दुसरा त्याच शतकातला आरमारप्रमुख. बराकींची ही लढाऊ नावे विद्यापीठाने तशीच ठेवली आहेत. मात्र विद्यापीठाचे स्वतःचे नाव आहे पोम्पेउ फाब्रा, आणि हे गृहस्थ होते व्याकरणकार! एका राजाला आणि एका दर्यासारंगाला व्याकरणकाराच्या हाताखाली नोकरीला ठेवलेले मी तरी जगात दुसरीकडे कुठे पाहिले नाही. माझी छाती उगीचच दोन बोटे फुगली.

आणखी एक मौज. या इमारतींच्या कडेने जो रस्ता जातो त्याचे नाव वेलिंग्टनचा रस्ता. "हा कोण, ओळखलास का?" मी भाच्याला विचारले. "वॉटर्लूचा," तो म्हणाला. "तो फार पुढचा. आधी आपला. २३ सप्टेंबर १८०३. जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा याने पराभव केला, तेव्हा हा नुसता आर्थर वेलस्ली होता. मग स्पेनमध्ये येऊन नेपोलियनच्या फौजांशी लढला आणि ड्यूक झाला." भाचा रस्त्याच्या पाटीकडे पाहत राहिला. दोन वर्षे तो या पाटीखालून रोज जात होता. इतिहासाचे असेच आहे; तो आपल्या पायाखाली असतो आणि आपण ट्रामची वाट पाहत असतो.

आता थोडा इतिहास सांगणे भाग आहे. मास्तरकीची ही खोड वाचकांनी पोटात घालावी.

स्पेनच्या गादीसाठी अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपात मोठे युद्ध झाले. बार्सिलोनाने बाजू घेतली ती हरणाऱ्याची. वर्षाहून अधिक काळ वेढा सोसून ११ सप्टेंबर १७१४ रोजी शहर पडले आणि पाचवा फिलिप राजा विजयी झाला. आपण पानिपताची म्हण केली. या लोकांनी आपल्या पानिपताचा सण केला आहे. ११ सप्टेंबर हा आज कॅटलोनियाचा राष्ट्रीय दिन आहे.

जिंकल्यावर राजाने दोन गोष्टी केल्या. पहिली ही, की शहराच्या कुशीतच एक पंचकोनी किल्ला बांधायला घेतला. शत्रूपासून शहराचे रक्षण करायला राजे किल्ले बांधतात. हा किल्ला शहरापासून राजाचे रक्षण करायला होता. त्याची आखणी केली व्हर्बूम नावाच्या फ्लेमिश इंजिनियरने. हा काही वर्षांपूर्वी याच शहरात युद्धकैदी होता आणि त्या मुक्कामात त्याने शहराची तटबंदी नीट पाहून ठेवली होती. किल्ल्यासाठी आणि त्याच्यापुढच्या मोकळ्या पट्ट्यासाठी ला रिबेरा ही नांदती पेठ पाडण्यात आली. हजाराच्या आसपास घरे गेली. ज्यांची घरे त्यांनाच ती पाडावी लागली आणि भरपाईही मिळाली नाही. उठवलेल्या लोकांसाठी म्हणून समुद्रकाठी बार्सिलोनेता ही नवी वस्ती वसवायला सुरुवात झाली ती १७५३ साली. तोवर घर गेलेल्या पिढीतले किती जण उरले असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

दुसरी गोष्ट मला, मास्तर या नात्याने, अधिक झोंबली. राजाने शहराचे विद्यापीठ बंद केले. १४५० साली परवाना मिळालेले ते विद्यापीठ. पण विद्यार्थी एकत्र जमले की बोलतात, आणि बोलले की विचार करतात, हे राजांना पुस्तके न वाचताही कळत असते. बार्सिलोनाचेच नव्हे, तर साऱ्या कॅटलोनियातली विद्यापीठे बंद करून १७१७ साली आत सर्वेरा नावाच्या लहानशा गावी एकच एक आज्ञाधारक विद्यापीठ उघडण्यात आले. आणि रांब्ला या प्रसिद्ध रस्त्याच्या माथ्यावर विद्यापीठाची जी इमारत होती, तिचे काय केले? बराक केली! ती इमारत १८४३ साली पाडली गेली. आज रांब्लाच्या त्या तुकड्याला 'अभ्यासाची रांब्ला' एवढे नाव तेवढे उरले आहे.

हे मला भाच्याने दाखवलेल्या जागी उभे राहून समजले तेव्हा मी तिथल्या तिथे मनाशी गणित मांडले. एका राजाने विद्यापीठाची बराक केली. त्याच शहराने पावणेतीनशे वर्षांनी बराकींचे विद्यापीठ केले. सावकाराचा असो वा शहराचा, हिशेब पुरा व्हायला वेळ लागतो. पण वहीतले पान फाडले नाही, तर तो कधीतरी पुरा होतो.

ते पान या शहराने फाडले नाही, एवढे खरे. १८४१ साली चिडलेल्या लोकांनी किल्ल्याची भिंत पाडायला सुरुवात केली. सरकारने ती पुन्हा उभी करायला लावली. १८६८ साली स्पेनमध्ये क्रांती झाली, राणी परागंदा झाली, आणि पुढच्या वर्षी, १८६९ साली, जनरल प्रिम यांच्या कारकिर्दीत किल्ला शहराच्या स्वाधीन करण्यात आला. प्रिम स्वतः कॅटलान आणि पक्का लष्करी गडी. लष्कराचा किल्ला लष्करी माणसानेच सोडून दिला, म्हणून त्याचा घोड्यावरचा पुतळा आज बागेत आहे. याच १८६९ साली आमच्या खडकीच्या कारखान्याची भिंत उभी राहिली. एकीकडे भिंत पडत होती, एकीकडे चढत होती. जगातल्या एकूण भिंतींत काही फरक पडला नसावा.

किल्ला पाडून तिथे फोन्तसेरे नावाच्या स्थापत्यकाराच्या आराखड्याप्रमाणे बाग झाली. १८८८ साली याच बागेत मोठे जागतिक प्रदर्शन भरले. पण एक गंमत पाहा: किल्ला गेला तरी लष्कर काही गेले नाही. घर रिकामे करून द्यायचे, पण अंगणातली एक खोली ठेवायची, असे करणारे भाडेकरू आपण पाहतोच. बागेच्या कडेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या बराकी उठल्या. पुढची शंभर वर्षे तिथे बुटांचे आवाज होत राहिले. मधल्या काळात यादवी युद्ध झाले, १९३९ साली फ्रँको जिंकला आणि १९७५ साली मरेपर्यंत सत्तेवर राहिला. त्याच्या राज्यात कॅटलान भाषेला शाळा, कचेऱ्या आणि सार्वजनिक व्यवहार यांचे दरवाजे बंद झाले. लोकशाही आली, १९९० साली कॅटलोनियाच्या संसदेने कायदा करून हे नवे विद्यापीठ स्थापन केले आणि त्या दशकात बराकींच्या भिंतींमध्ये फळे आणि बाके आली.

ही संसद कुठे भरते म्हणाल? जुन्या किल्ल्याच्या शस्त्रागारात! किल्ला पाडताना तीन इमारती ठेवल्या होत्या. शस्त्रागारात १९३२ ते १९३९ संसद होती, आणि १९८० पासून पुन्हा आहे. किल्लेदाराच्या वाड्यात १९३२ पासून शाळा आहे. तिसरे आहे देऊळ. म्हणजे शिपायांचे चर्च. बंदुकांच्या कोठारात भाषणे, किल्लेदाराच्या दिवाणखान्यात शाळकरी मुले आणि बराकीत अर्थशास्त्र. पाचव्या फिलिपाला हे सारे कुणी वर जाऊन सांगायला हवे.

आम्ही आत गेलो. चौकात ऊन पडले होते. जिथे पूर्वी शिपायांची हजेरी होत असेल, तिथे पोरेपोरी जमिनीवर बसून डबे खात होती आणि कुणीही कुणाच्या रांगेत नव्हते. भिंती त्यांनी उगीच रंगवून लपवलेल्या नाहीत. आतून सगळे नवे, पण बाहेरून बराक ती बराकच दिसते. मी भाच्याला म्हणालो, "सरळ पाडून नवीन का नाही बांधलं? सोपं झालं असतं." तो म्हणाला, "मग इथे काय होतं ते कळलं कसं असतं?" प्रश्नाला प्रश्न, पण उत्तर बरोबर होते. आमच्या पुण्यातही विद्यापीठ आहे ते गणेशखिंडीतल्या जुन्या गव्हर्नरांच्या बंगल्याभोवती. १९४९ साली ते सुरू झाले. त्या परिसरात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचे दिवस भरले. मी तिथूनच एम. ए. झालो. दोन वर्षे त्या झाडांखाली चहा प्यालो, पण आपण रणांगणावर बसून चहा पितो आहोत असे एकदाही मनात आले नाही. हे झाडांचे यश म्हणायचे, की आमचे अपयश?

दोन इमारतींच्या मधल्या चौकाखाली एक तळघर आहे. तिथे तापिएस या कॅटलान चित्रकाराने १९९६ साली एक 'चिंतनाची खोली' केली आहे. भिंतीला खुर्च्या टांगलेल्या, बाकी शांतता. बराकीखाली गप्प बसण्याची जागा करावी ही कल्पना मला फार आवडली. मी पाच मिनिटे बसलो. चिंतन असे काही झाले नाही. ताईचा प्रश्न तेवढा डोक्यात घोळत राहिला.

पण खरी डोळ्यांचे पारणे फेडणारी वस्तू म्हणजे ग्रंथालय. ते बराकीत नसून शेजारच्या पाण्याच्या टाकीत आहे. थट्टा नाही. फोन्तसेरेने बागेतल्या धबधब्याला पाणी पुरवण्यासाठी १८७४ ते १८८० या काळात एक प्रचंड टाकी बांधली. पाणी छतावर, आणि ते पेलायला खाली विटांचे जाडजूड खांब व उंचच उंच कमानी, जुन्या रोमन हौदांच्या धर्तीवर. खांबांची आकडेमोड गौडीने विद्यार्थिदशेत केली असे सांगतात. १९९९ पासून या कमानींखाली पुस्तके आहेत. मी वर पाहिले, खाली पाहिले आणि शेजारच्या मुलीला त्रास होणार नाही इतपत आवाजात 'अरेरे' म्हणालो. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची मला आठवण झाली होती. तिथेही छतावर पाण्याची टाकी आहे. फरक एवढाच, की आमची टाकी पावसाळ्यात पुस्तकांपर्यंत येते.

त्या कमानींखाली भाच्याने मला एक जाड ग्रंथ आणून दिला. फाब्राचा शब्दकोश. या माणसाविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. १८६८ साली बार्सिलोनाजवळच्या, आता शहरातच आलेल्या ग्रासिया गावी जन्म. शिक्षण इंजिनियरचे. बिल्बावच्या अभियांत्रिकी विद्यालयात हे गृहस्थ रसायनशास्त्र शिकवीत आणि फावल्या वेळात आपल्या मायबोलीचे शुद्धलेखन जुळवीत. १९१३ साली लेखनाचे नियम, १९१८ साली व्याकरण, १९३२ साली कोश. कुणी कसेही लिहावे अशा अवस्थेतल्या भाषेला या इंजिनियरने घराचा आराखडा काढून दिला. १९३४ साली राजकीय धामधुमीत काही आठवडे तुरुंगवास भोगला. १९३९ साली देश सोडावा लागला. १९४८ च्या नाताळच्या दिवशी सरहद्दीपलीकडे, फ्रान्समधल्या प्रादा गावी, वारले. ज्या भाषेचा कोश केला ती त्या दिवशी आपल्याच देशात शाळेबाहेर उभी होती.

मला आमचे मोल्सवर्थसाहेब आठवले. ते तर मुंबईच्या फौजेतले लष्करी अधिकारी. त्यांचे मदतनीस कँडीबंधूही लष्करीच. १८३१ साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८५७ साली दुसरी आवृत्ती, आणि आजही शब्द अडला की आम्ही त्यांच्याच दाराशी जातो. बराकीतून भाषेच्या वाटेला लागलेली माणसे आपल्याकडेही झाली आहेत. फक्त त्यांच्या नावाने विद्यापीठ काढावे असे अजून कुणाला सुचलेले नाही.

भाचा राहतो त्या इमारतीत, खालच्या मजल्यावर, ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात. संध्याकाळी त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावले. मी लाडू नेले. त्या कॅटलानमध्ये बोलत, भाचा मराठीत सांगे. त्याने विद्यापीठाच्या वर्गात ही भाषा शिकून घेतली आहे. आजींना मी विचारले, की तुमची भाषा तुम्ही शाळेत कधी शिकलात? त्या हसल्या. त्यांच्या शाळेत सारे काही स्पॅनिशमध्ये. घरी आईशी कॅटलानमध्ये बोलायच्या, पण आईला पत्र लिहायचे झाले तर ते स्पॅनिशमध्ये. कारण मायबोली बोलता येत होती, लिहिता येत नव्हती. फ्रँको गेल्यावर संध्याकाळच्या वर्गात जाऊन वयाच्या पस्तिशीनंतर त्या आपली भाषा लिहायला शिकल्या. "तोवर आई गेली होती," त्या म्हणाल्या. भाच्याने हे वाक्य मराठीत सांगितले आणि तो गप्प झाला.

जिना चढताना तो म्हणाला, "मामा, मलाही येत नाही."

"काय?"

"लिहायला. मराठी. वाचतो कसंबसं. आईला मी मेसेज करतो तोसुद्धा इंग्रजी अक्षरांत."

मी काहीच बोललो नाही, कारण बोलण्यासारखे काही नव्हते. आजींच्या भाषेवर हुकूमशहाने बंदी घातली होती. माझ्या भाच्याच्या भाषेवर कुणी घातली होती? कुणीच नाही. ताईने आणि भाऊजींनी चांगल्या शाळेत घातला. त्या शाळेचा पत्ता मीच काढून दिला होता. वर्षाला शंभर मुलांना मराठी शिकवणारा हा मामा रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाई, पोराचे इंग्रजी ऐकून कौतुक करी आणि श्रीखंड खाऊन घरी येई. आमच्या दारावर कुणी संत्री उभा नव्हता. पाटीही नव्हती. आम्हीच रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालत गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्याने मला एल बॉर्नला नेले. हा जुना लोखंडी बाजार, १८७६ सालचा. बाजार बंद पडल्यावर तिथे मोठे ग्रंथालय करायचे ठरले. खणायला सुरुवात केली, तर खाली किल्ल्यासाठी पाडलेली पेठ निघाली: गल्ल्या, घरांचे पाये, विहिरी, गटारे. ग्रंथालयाचा बेत रद्द झाला आणि २०१३ पासून ती पेठ तशीच उघडी, छताखाली ठेवली आहे. ग्रंथालय झाले नाही याचे मास्तराला वाईट वाटायला हवे होते. पण कठड्यावरून खाली पाहताना वाटले, हेही ग्रंथालयच आहे. फक्त इथली पाने फाटकी आहेत.

तिथे कठड्याला टेकून मी अखेर ताईचा प्रश्न विचारला. तो बराच वेळ खालच्या गल्लीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला इथंच संशोधनाची जागा मिळतेय. चार वर्षांची. आईला कसं सांगू कळत नाही. फोनवर सांगायला गेलो की ती आधी जेवलास का विचारते, आणि मग सांगताच येत नाही."

"लिही," मी म्हणालो.

"येत नाही, सांगितलं ना."

"चार दिवस आहे मी."

ते चार दिवस आम्ही त्या टाकीखालच्या ग्रंथालयात बसलो. मी बाहेरच्या बागा, चर्चे, गौडीची घरे पुष्कळशी पाहायची ठेवली. परत आल्यावर सौभाग्यवतीने त्याबद्दल मला जे ऐकवायचे ते ऐकवले. कमानीखाली बसून माझा भाचा, पंचविशीतला अर्थशास्त्रज्ञ, जीभ बाहेर काढून 'आईस' लिहीत होता. 'ष' आणि 'श' यांत कधी कोणता, हे त्याने मला विचारले आणि मी सांगितलेले कारण त्याला पटले नाही. मला ते स्वतःलाही कधी पटलेले नाही.

मध्येच माझ्या मनात आले, पलीकडच्या बराकीतही शंभर वर्षांपूर्वी विशी-बाविशीची पोरे अशीच घरी पत्रे लिहीत बसत असतील. सक्तीच्या भरतीने, दूरच्या गावांतून आणलेली. कित्येकांना लिहिता येत नसेल. मग ती शेजारच्या लिहित्या सोबत्याला गळ घालीत असतील. भिंतींनी फिलिप पाहिला नाही, किल्लाही पाहिला नाही. पण आईला पत्र लिहिणारी पोरे त्यांनी भरपूर पाहिली. फरक एवढाच, की ती हुकमाने आली होती आणि हुकमाने जाणार होती. हा आपण होऊन आला होता. म्हणूनच तो कधी परत येईल हे कुणाला सांगता येत नव्हते, त्यालाही नाही. बराकीचे विद्यापीठ झाले म्हणजे काय झाले, तर दारे दोन्ही बाजूंनी उघडी झाली. आणि उघड्या दाराची किंमत शहराला नव्हे, घरी बसलेल्या आईला मोजावी लागते.

पत्र पुरे झाले. सव्वा पान. शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका. माझा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि मग मी तो परत घेतला.

पुण्याला पोचलो त्याच संध्याकाळी ताईकडे गेलो. पत्र दिले. तिने ते आधी उभ्याने वाचले, मग बसून वाचले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. भाऊजी विचारीत होते, "काय म्हणतो?" ती काही बोलली नाही. उठून आत गेली. मला वाटले, आता रडेल. मी उगीच पंख्याकडे पाहत बसलो.

ती बाहेर आली ती हातात पोस्टाचे रिकामे पाकीट घेऊन. "याच्यावर त्याचा पत्ता लिहून दे," ती म्हणाली. "आणि मला सांग, तिकडे पत्र जायला दिवस किती लागतात? मी मराठीतच लिहिणार आहे. वाचू दे त्याला, कसंबसं का होईना."

मी पत्ता लिहून दिला. जाता जाता तिने दारातून विचारले, "आणि काय रे, चिवडा त्याने खाल्ला की वाटून टाकला?"